नवा म्हणून विकलेला डेटाबेस सर्व्हर : कोल्हापुरातील एक अनुभव

शिरोली एमआयडीसीतील आमच्या फौंड्रीचे हीट नंबर (वितळवलेल्या धातूच्या प्रत्येक घाण्याचे क्रमांक), तपासणीचे निकाल, डिस्पॅचची चलने आणि खरेदी-विक्रीचा हिशेब हे सगळे एकाच पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये राहते. त्यासाठी घेतलेला सर्व्हर आम्हाला कोरा म्हणून विकण्यात आला. प्रत्यक्षात तो वापरलेला होता आणि त्यातील डिस्क सर्व्हरसाठी बनवलेल्या नव्हत्याच.

विक्रेता शहरातलाच होता. त्याचे कोटेशन इतर दोघांच्या दराच्या आसपासच होते, हे मुद्दाम सांगतो, कारण फार स्वस्त मिळाले तर सावध राहावे हा नेहमीचा सल्ला इथे कामाला आला नसता. दर पुऱ्या मालाचा लावून आत हलका माल घालण्यातच त्याची कमाई होती. बसवणी झाल्यावर त्याने सही-शिक्क्यासह अहवाल दिला. त्यात प्रोसेसर, मेमरी, डिस्कची संख्या असे सगळे होते, फक्त डिस्कचे मॉडेल आणि सिरियल नंबर नव्हते.

काही आठवडे सगळे सुरळीत चालले. मग एका दुपारी वीज गेली, यूपीएसनेही दगा दिला, आणि वीज आल्यावर डेटाबेस सुरूच होईना. आदल्या रात्रीचा बॅकअप चढवून आम्ही सावरलो, पण त्या दिवसाच्या सगळ्या हीटच्या नोंदी सुपरवायझरांच्या रजिस्टरवरून पुन्हा हाताने भराव्या लागल्या. व्यवहार नोंदला गेला असे डेटाबेस सांगतो, तेव्हा ती नोंद डिस्कवर खरोखर उतरलेली असावी लागते. सर्व्हरसाठी बनवलेल्या एसएसडीत (चिपवर डेटा साठवणाऱ्या डिस्कमध्ये), वीज अचानक गेली तरी कॅशमधला, म्हणजे तात्पुरत्या साठ्यातला, डेटा सुरक्षित उतरवण्यापुरती ऊर्जा साठवणारे कपॅसिटर असतात. घरगुती संगणकाच्या बहुतेक एसएसडीत ते नसतात.

शंका आल्याने डिस्कची कॅडी, म्हणजे ती बसवायची चौकट, बाहेर ओढून पाहिली. आम्ही ९६० जीबीच्या डिस्क मागवल्या होत्या. आतल्या लेबलवर १ टीबी, म्हणजे १००० जीबी, लिहिलेले होते. सर्व्हरच्या एसएसडी सहसा ४८०, ९६०, १९२० जीबी अशा मापात येतात आणि ५०० जीबी किंवा १ टीबी ही मापे बहुधा घरगुती डिस्कची असतात, त्यामुळे लेबलवरचा आकडाच पुरेसा बोलका होता. विक्रेत्याला फोन केला तर तो म्हणाला, "साहेब, चाळीस जीबी जास्तच दिलंय की तुम्हाला!" त्या जास्तीच्या चाळीस जीबीत काय गमावले होते, तेही सांगतो. १ टीबीच्या घरगुती एसएसडीवर साधारण ६०० टीबी लेखनाची हमी असते. रोज एकदा पूर्ण भरण्याची पाच वर्षांची हमी असलेली ९६० जीबीची डिस्क सुमारे १७५० टीबी लेखन सोसते.

मग सर्व्हरचा बायोस, म्हणजे सुरू होतानाचा मूळ सेटिंगचा पडदा, उघडला. अ‍ॅसेट टॅगच्या, म्हणजे मालकाच्या मालमत्ता क्रमांकाच्या, रकान्यात कुठल्या तरी दुसऱ्याच कंपनीचा क्रमांक तसाच राहिला होता, आणि सर्व्हरचा सिरियल नंबर उत्पादकाच्या संकेतस्थळावर टाकल्यावर वॉरंटी केव्हाच संपल्याचे दिसले. ही तपासणी माल उतरवून घेताना पाच मिनिटांत होते; उरलेली रक्कम तिच्यानंतरच द्यावी आणि तशी अट परचेस ऑर्डरमध्येच लिहावी. डिस्क रेड कंट्रोलरच्या (अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या कार्डाच्या) मागे असल्या तर त्यांचे वापराचे तास पाहण्यासाठी डिस्कची अवस्था वाचणाऱ्या स्मार्टसीटीएल या आज्ञेत मेगारेडसारखा योग्य पर्याय द्यावा लागतो. मात्र केवळ या तासांवरही विसंबू नये. २०२५ च्या सुरुवातीला जर्मनीत वापरलेल्या सीगेट हार्ड डिस्क तास शून्यावर आणून नव्या म्हणून विकल्याचे उघडकीस आले. खरे तास त्यांच्या फार्म नावाच्या वेगळ्या नोंदीत सापडले.

ग्राहक आयोगाचा मार्ग आम्हाला मोकळा नव्हता, कारण ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये व्यापारी हेतूने वस्तू घेणारा सहसा ग्राहक ठरत नाही. ३ लाखांच्या वरचा असा वाद व्यावसायिक न्यायालयात जातो आणि, तातडीचा दिलासा नको असेल तर, दाव्याआधी मध्यस्थी बंधनकारक आहे. आमचे प्रकरण आता त्या टप्प्यावर आहे. विक्रेता डिस्क बदलून द्यायला लगेच तयार झाला होता, फक्त जुन्या त्याला परत हव्या होत्या. त्या आम्ही दिल्या नाहीत. लेबलांचे फोटो काढून, सिरियल नंबर लिहून, साक्षीदारांच्या सह्यांनिशी सीलबंद ठेवल्या आहेत.