‘ऑफेन्सिव्ह’ला मराठीत काय म्हणायचं: आक्षेपार्ह की आक्रमक?

भाची भाषांतराची कामं घेते. परवा तिचा मेसेज आला, “मामा, ऑफेन्सिव्हला आक्षेपार्ह लिहू की आक्रमक?” मी म्हटलं, आधी पुढचं नाम सांग.

पुढे ‘रिमार्क’, ‘जोक’, ‘पोस्ट’ असेल तर आक्षेपार्ह. कुणाला तरी लागलंय, म्हणून आक्षेप आहे. पुढे ‘प्लेअर’, ‘स्ट्रॅटेजी’, ‘ऑपरेशन’ असेल तर आक्रमक. इथे कुणाचा अपमान नाही, फक्त चढाई आहे. १९६८ सालचं व्हिएतनाममधलं ‘टेट ऑफेन्सिव्ह’ म्हणजे हल्ल्यांची मोहीमच. तिथे तो शब्द नाम म्हणून येतो. मूळ लॅटिन धातूचा अर्थ आपटणं, ठोकर लागणं. त्यामुळे दोन्ही अर्थ एकाच घरातले.

चूक झाली तर? ‘आक्षेपार्ह फलंदाज’ वाचून लोक हसतील, एवढंच. ‘आक्रमक विनोद’ जास्त घातक, कारण वाक्य बरोबर वाटतं आणि अपमान झाल्याचं गळून जातं.

उच्चारात आक्रमक सोपा. आक्षेपार्ह टाइप करताना ‘र्ह’पाशी माझं बोट अजून अडखळतं.

कधी दोन्ही नापास. ‘ऑफेन्सिव्ह स्मेल’ म्हणजे सरळ घाण वास. ब्रिटनच्या १९५३च्या कायद्यातलं ‘ऑफेन्सिव्ह वेपन’ म्हणजे इजा करण्यासाठीचं हत्यार. तिथे ‘घातक’ चालेल. माणूस नुसता तोंडाळ असेल तर ‘उद्धट’ पुरे.

बातम्या, तक्रारी, सोशल मीडियाचे नियम यांचं भाषांतर करणाऱ्याने आक्षेपार्ह धरावा. खेळ आणि युद्धावर लिहिणाऱ्याने आक्रमक. भाचीच्या मजकुरात ‘ऑफेन्सिव्ह कॉमेंट’ होतं.