सेट-टॉप बॉक्स काढून मिनी पीसी: सह्याद्रीची नाटकं रेकॉर्ड करणारा डबा

आधीच सांगते, घरात फक्त ओटीटी बघितलं जात असेल तर या भानगडीत पडू नका. लिनक्सच्या, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकट सिस्टिमच्या पीसीवर नेटफ्लिक्स, प्राइम फोर-केमध्ये चालत नाही. त्यासाठी टीव्हीतलं ॲप नाहीतर एचडीएमआयला लावायची स्टिक पुरते. आमच्या यजमानांचं अजूनही तेच म्हणणं आहे. पण गच्चीवर डीडी फ्री डिशची छत्री आहे, कपाटात डीव्हीड्या आहेत, जुन्या हार्ड डिस्कवर सिनेमे पडून आहेत आणि घरात कुणीतरी "दुपारी सह्याद्रीवर नाटक होतं गं, मी नेमकी देवळात होते" म्हणणारं आहे, अशा घरात हा डबा सोन्यासारखा चालतो. आमच्याकडे ते म्हणणाऱ्या सासूबाई आहेत.

मशीन म्हणजे ऑफिसांतून निघालेला रिफर्बिश्ड मिनी पीसी. इंटेल आय-फाइव्ह सातव्या पिढीचा, 8 जीबी रॅम, 256 जीबी एसएसडी, 11,500 रुपयांना मिळाला. दुकानदार सहाव्या पिढीचा दीड हजाराने स्वस्त देत होता, तो घेतला नाही. सहाव्या पिढीच्या चिपमधलं ग्राफिक्स एचईव्हीसी, म्हणजे नव्या पद्धतीने दाबून लहान केलेला व्हिडिओ, आठ बिट रंगांपर्यंतच हार्डवेअरवर उलगडतं, दहा बिटची फाइल आली की सगळा भार प्रोसेसरवर येतो आणि पंखा घरघरायला लागतो. सातव्यापासून ती अडचण नाही. रास्पबेरी पाय 4 या तळहाताएवढ्या संगणकावरही हे सगळं चालतं, आणि टीव्हीचाच रिमोट पीसीला चालण्याची सोय, म्हणजे सीईसी, पायमध्ये असते. असल्या मिनी पीसींत ती सहसा नसते. मग मी फ्लर्क नावाचा यूएसबी रिसीव्हर लावला आणि जुन्या सेट-टॉप बॉक्सचाच रिमोट त्याला शिकवला. सासूबाईंच्या बोटांना तेच बटण, तीच जागा. सगळ्या खरेदीत मला सर्वांत पटलेली वस्तू हीच.

सिस्टिम लिब्रेइलेक, म्हणजे कोडी चालवण्यापुरतं लिनक्स. कोडी म्हणजे टीव्हीवर सिनेमे आणि चॅनल दाखवणारं सॉफ्टवेअर; पूर्वीच्या एक्सबीएमसीचं नाव 2014 मध्ये कोडी झालं, ते हेच. विंडोजवाल्यांसाठी पूर्वी मीडिया सेंटर होतं, पण 2015 मध्ये विंडोज 10 आलं तेव्हा मायक्रोसॉफ्टने ते काढून टाकलं. पेन ड्राइव्हवरून लिब्रेइलेक टाकायला चहा उकळेपर्यंतचा वेळ लागतो. त्यावर जास्त लिहीत नाही, कारण खरं काम गच्चीवर आहे.

फ्री डिश जीसॅट-15 वरून येते, 93.5 अंश पूर्व. साताऱ्यातून छत्री आग्नेयेला आणि बरीच वर, साधारण साठ अंशांवर बघते. आमची आधीच लावलेली होती, त्यामुळे दिशा शोधायची नव्हती. प्रश्न वायरीचा होता. खालच्या मजल्यावर दिरांचा सेट-टॉप बॉक्स त्याच छत्रीवर चालतो. केबलवाला म्हणाला, "स्प्लिटर टाकतो मॅडम, शंभर रुपयांत काम." मी नको म्हटलं. छत्रीच्या तोंडाशी सिग्नल पकडणारा डबा म्हणजे एलएनबी. उपग्रहाच्या लहरी उभ्या आणि आडव्या अशा दोन प्रकारे येतात, त्याला ध्रुवीकरण म्हणतात. एलएनबीकडून उभं हवं तर 13 व्होल्ट जातात, आडवं हवं तर 18, आणि ते ठरवतो खाली बसलेला बॉक्स. एकाच वायरीवर दोन बॉक्स बसले की एक 13 मागणार, दुसरा 18, आणि ज्याचं चाललं नाही त्याचे त्या ध्रुवीकरणावरचे चॅनल गायब. त्याऐवजी दोन तोंडांचा एलएनबी घेतला आणि दुसऱ्या तोंडापासून स्वतंत्र वायर खाली आणली. घरात शांतता टिकवायची असेल तर एवढा खर्च कराच.

छत्रीचा सिग्नल पीसीत घेणारा यूएसबी सॅटेलाइट ट्यूनर 6,500 ला पडला. कंपनीचं नाव देत नाही, कारण खोक्यावर 'लिनक्स सपोर्ट' छापलेलं असूनही आधी त्याला काही दिसेचना. लिब्रेइलेकमध्ये ड्रायव्हरचं वेगळं ॲड-ऑन निवडलं, रीबूट केलं, तेव्हा त्याचा निळा दिवा लागला. दुकानातून घेण्याआधी मॉडेल नंबर आणि 'लिब्रेइलेक' एवढे दोन शब्द मोबाइलवर शोधून बघा. दुकानदाराला विचारून उपयोग नाही, तो सगळ्यालाच "चालेल ना" म्हणतो.

रेकॉर्डिंग सांभाळतं टीव्हीहेडएंड. ते मागे सर्व्हर म्हणून चालू असतं आणि कोडी त्याच्याकडून चॅनल घेतं. त्याचं पान लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये पोर्ट 9981 वर उघडतं. पहिल्यांदा बघितलं की डोकं गरगरतं. नेटवर्क, मक्स (म्हणजे ट्रान्सपॉन्डर, त्याबद्दल पुढे), सर्व्हिस, चॅनल असे चार थर आहेत, आणि चौथ्यापर्यंत पोचेपर्यंत टीव्हीवर काहीच दिसत नाही. पण त्यातून एक गोष्ट कळते जी कुठला सेट-टॉप बॉक्स सांगत नाही. ट्यूनर एका वेळी एकच ट्रान्सपॉन्डर, म्हणजे बरेच चॅनल एकत्र पाठवणारी उपग्रहाची एक वाहिनी, पकडतो, मात्र त्या ट्रान्सपॉन्डरवरचे सगळे चॅनल एकदम त्याच्या हातात असतात. म्हणजे एकाच ट्रान्सपॉन्डरवरचे तीन चॅनल एका ट्यूनरवर एकत्र रेकॉर्ड होतात. दुसऱ्या ट्रान्सपॉन्डरवरचा चॅनल बघायचा झाला तर मात्र रेकॉर्डिंग संपेपर्यंत थांबा. मी कुठला चॅनल कुणाच्या शेजारी आहे याचा कागद करून टीव्हीच्या मागे चिकटवला आहे, रोजची भांडणं तिथेच मिटतात.

कार्यक्रमांचं वेळापत्रक छत्रीवरून अर्धवटच येतं. म्हणून मी नावावर विसंबत नाही, वेळेवर रेकॉर्डिंग लावते: रविवार, अमुक ते तमुक, आधी पाच मिनिटं, नंतर पंधरा. आमच्या अनुभवात नाटकं वेळेवर संपत नाहीत, ती नंतरची पंधरा मिनिटं ठेवाच. एसडी चॅनलचं तासाभराचं रेकॉर्डिंग दीड ते दोन जीबीत बसतं. 2 टीबीची यूएसबी हार्ड डिस्क 6,000 ला घेतली, तिच्यात हजारभर तास मावतात. पुसायची वेळ अजून आलेली नाही, सासूबाई पुसू देतील असंही वाटत नाही.

पावसाचं मात्र काही करता येत नाही. सिग्नल केयू बँडचा, म्हणजे जोराच्या पावसात अडणाऱ्या लहरींचा आहे, जुलैत धो धो लागला की चित्राचे चौकोन होतात आणि कीर्तनकार अभंगाच्या मधेच गोठतात. झालेल्या रेकॉर्डिंगांच्या यादीत त्रुटींचा आकडा असतो, तो हजारांत गेला असेल तर उघडायचे कष्ट घेऊ नका.

सिनेमांच्या बाजूला दोन गोष्टी करून ठेवाव्यात. फाइलच्या नावात साल घाला. 'श्यामची आई' नुसतं लिहिलं तर कोडीला 1953 चा की 2023 चा ते कळत नाही आणि अत्र्यांच्या चित्रपटाला नव्याचं पोस्टर लागतं. दुसरं, सेटिंगमध्ये स्क्रीनचा रिफ्रेश रेट, म्हणजे सेकंदाला किती वेळा चित्र बदलतं तो आकडा, व्हिडिओप्रमाणे बदलण्याचा पर्याय चालू करा. आपला टीव्ही सिग्नल 50 हर्ट्झचा, सिनेमा सेकंदाला 24 चित्रांचा, आणि पीसी सगळं 60 वर दाखवतो. मग खाली सरकणाऱ्या बातम्यांच्या पट्टीला बारीक हिसके बसतात. एकदा दिसले की डोळ्यांना तेच खुपत राहतं. हा पर्याय लावल्यावर पट्टी पाण्यासारखी सरकते. मराठी सबटायटलचे चौकोन दिसत असतील तर मुक्ता फाँट कोडीच्या फाँट फोल्डरमध्ये टाकून निवडा, मुंबईच्या एक टाइपचा आहे, फुकट आहे.

इन्व्हर्टरवाल्यांसाठी आणखी एक. लाइट जाऊन इन्व्हर्टरवर येताना जो क्षण जातो त्यात हा पीसी बंद पडतो. बायोसमध्ये, म्हणजे पीसी सुरू होतानाच्या मूळ सेटिंगांत, वीज परत आल्यावर आपोआप सुरू होण्याचं सेटिंग असतं, ते लावून ठेवा, नाहीतर तुम्ही ऑफिसात आणि घरी रेकॉर्डिंग शून्य.

रिसीव्हर आणि एलएनबीचे तीन हजार धरून सगळं मिळून 27,000 झाले. यात काटकसर करायचीच तर पीसीत करा, ट्यूनर आणि वायरीत नको. आणि फ्री डिशवरच्या खासगी चॅनलांच्या जागा लिलावाने दिल्या जातात, त्यामुळे 1 एप्रिलच्या आसपास यादी बदलते. त्या आठवड्यात पुन्हा स्कॅन करा आणि आधी लावलेली रेकॉर्डिंगं तपासा. यंदा आमच्याकडे भक्तिगीतांच्या जागी भोजपुरी सिनेमा रेकॉर्ड झाला, आणि तो दोघींनी बसून पूर्ण बघितला.