खिडकीखाली मरीन प्लाय की पीव्हीसी बोर्ड?

घोडबंदर रोडला उभ्या असलेल्या भाच्याच्या जुन्या कॅरॅव्हॅनमध्ये, म्हणजे चाकांवरच्या घरात, खिडकीखालचा प्लाय पापडासारखा सुटलाय. विचारतो, "मामा, मरीन प्लाय घालू की पीव्हीसी फोम बोर्ड?"

अरे, आधी खिडकीचं रबर बदल. गळती तशीच ठेवलीस तर काहीही बसव, पैसे पाण्यातच.

ओल म्हणशील तर फोम बोर्ड म्हणजे फेसाळ प्लास्टिकची फळी, ती पाणी पीत नाही. ठाण्याच्या पावसात हे मोठंच. मरीन प्लाय म्हणजे ओलीसाठी बनवलेलं प्लायवुड. त्याचे थर चिकटवणारा फिनॉलिक गोंद पाण्याला दाद देत नाही, पण कापलेली कड उघडी राहिली की तिथून ओल शिरते. कडांना सीलर हवाच. शिक्का आयएस ७१० चा, म्हणजे मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा बघ. आयएस ३०३ साध्या प्लायचा, तो मरीन नव्हे, दुकानदार काहीही म्हणो.

स्क्रूच्या पकडीत मात्र प्लाय सरळ जिंकतो. गाडी खड्ड्यांतून धडधडली की फोममधलं भोक मोठं होत जातं, बिजागरी लोंबते. शिवाय मे महिन्यात बंद गाडीची भट्टी होते, फोम फुगतो. कडेला दोन-तीन मिलिमीटर फट ठेवावी लागते.

फोम हलका, घरच्या करवतीनेही कापता येतो. प्लायला लॅमिनेटचा खर्च वेगळा.

सिंकमागे, नुसतं झाकायचं तिथे फोम. कपाट, बाकडं, दारं यांना प्लाय. तुझं घडीचं टेबल खिडकीखालच्याच फळीवर टांगतोस ना? मग प्लायच आण.