तबकडी की डिजिटल?

गाणी ग्रामोफोनच्या तबकडीवर ऐकावीत की डिजिटल? मोजमापात डिजिटल सरळ जिंकतं. सीडीची डायनॅमिक रेंज (सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातलं अंतर) ९६ डेसिबलच्या आसपास, तबकडीची जेमतेम ७०. शिवाय सुई आतल्या वर्तुळांकडे सरकली की वरचे सूर किंचित फाटतात, आणि धुळीची चरचर असतेच. तरी घरी मी तबकडीच लावतो. एलपीची, म्हणजे लाँग-प्ले तबकडीची, एक बाजू साधारण २० मिनिटांची. मग उठायचं, कडेला धरून ती उलटायची, ब्रश फिरवायचा, सुई अलगद टेकवायची. एवढी खटपट केल्यावर गाणं मध्येच बदलायला हात धजत नाही. लोक ज्याला ‘उबदार’ आवाज म्हणतात, त्यात बरीच करामत मास्टरिंगची, म्हणजे आवृत्ती काढण्याआधी आवाजावर केलेल्या शेवटच्या संस्काराची (हे शौकिनांना आवडत नाही): डिजिटल आवृत्तीत अनेकदा चढउतार दाबून सगळंच मोठ्यानं वाजवलेलं असतं. प्रवासात मात्र मोबाइलच. हलत्या गाडीत सुई कुठली टिकायला!