शुद्ध रेशमी शिफॉन साडी: बडोद्यात घेताना काय पाहावं

मंगळबाजारात किंवा रावपुऱ्यात नुसतं ‘शिफॉन दाखवा’ म्हटलं, की समोर बहुतेक वेळा पॉलिएस्टरच येतं. रोजच्या वापराला ते ठीक आहे. पण रेशमी शिफॉनची गोष्ट वेगळी, आणि बडोद्याच्या लोकांनी तरी हा फरक ओळखायलाच हवा. कारण या कापडाला साडीचा मान मिळाला तो इथल्याच लेकीमुळे.

सयाजीराव तिसरे आणि चिमणाबाई यांच्या कन्या इंदिराराजे (जन्म १८९२) १९१३ मध्ये लग्न होऊन कूचबिहारच्या राजघराण्यात गेल्या. माहेरी जरीकाठी नऊवारीचा थाट. त्यांनी मात्र फ्रान्सहून शिफॉन मागवून त्याच्या साड्या नेसायला सुरुवात केली. पुढे त्यांच्या कन्या, जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवींमुळे शिफॉन आणि मोत्यांची सर ही जोडी देशभर पोचली. इंदिराराजेंची नजर मोठी चोखंदळ होती. इटलीचा नामवंत पादत्राण-कारागीर साल्वातोरे फेरागामो याच्याकडून त्यांनी १०० जोडे करवून घेतले होते आणि काहींसाठी रत्नंही स्वतःच पाठवली होती.

आता साडीकडे वळू. साधी, बिनकाठाची साडी ५.५ मीटरची, ४४-४५ इंच पन्ह्याची असेल तर वजन साधारण २०० ग्रॅम भरतं. २५० ग्रॅमच्या बरंच पुढे गेलं तर ते जॉर्जेट, म्हणजे शिफॉनसारखंच पण जरा जड कापड, असण्याची शक्यता जास्त. कडेचे दोन-तीन धागे काढून जाळून बघा: रेशमाला जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटाने चुरडते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. ही परीक्षा करू न देणाऱ्या दुकानात ‘शुद्ध’ या शब्दासाठी जास्तीचे पैसे मोजू नयेत.

शिफॉनच्या धाग्याला जबर पीळ असतो आणि वीण विरळ. साडीचं सौंदर्य आणि सगळी दुखणी यातूनच येतात. पाणी लागलं की पिळाचा धागा फुगून आखडतो, म्हणून फॉल आधी धुऊन, इस्त्री करूनच लावायचा. कोरा सुती फॉल पहिल्या धुण्यात आटतो आणि निऱ्यांच्या तळाशी चुण्या पडतात. टाकाही सैल हवा. मशीनच्या टाक्याने कापड ओढलं जातं, ते कायमचं.

खांद्यावरची पिन हा दुसरा शत्रू. विरळ विणीत धागे सरकतात आणि पिनेच्या जागी जाळी पडते. पदराच्या आतून ब्लाऊजच्या कापडाची दोन बोटं रुंद पट्टी ठेवून पिन लावली तर ताण वाटला जातो. याच कारणाने शिफॉनची नऊवारी शिवून घेऊ नये. कासोट्याचा ताण गुडघ्याशी आणि मागे येतो आणि वीण तिथेच उसवते.

बाजारात सध्या शिफॉनला जड जरदोसी काठ लावलेल्या साड्या फार दिसतात. त्या घेण्यासारख्या नाहीत. काठाच्या वजनाने कापड लोंबतं आणि काही दिवसांत खालची कड वरखाली होते. बारीक गोट किंवा नुसता पिको पुरे.

परकर सुती घ्या. साटिनवर निऱ्या घसरतात. साडी हँगरला न टांगता मलमलच्या कपड्यात सैल गुंडाळून आडवी ठेवा. इस्त्री उलट्या बाजूने, कोमट, आणि कापड किंचित ओलसर असतानाच.