लग्नाच्या कामासाठी फ्लॅश बदलायचा का? गोडॉक्स व्ही८६० थ्री, टीटी६८५ टू आणि बॅगेतला जुना टीटी६००

गोडॉक्स व्ही८६० थ्री घेऊ का, असं विचारणाऱ्या बहुतेकांच्या बॅगेत टीटी६०० किंवा टीटी६८५ आधीपासून असतो आणि तक्रार एकच असते: लाइट कमी पडतो. नवा फ्लॅश घेऊन लाइट वाढणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. तिन्हींचा गाइड नंबर (फ्लॅशच्या ताकदीचं माप; त्याला अंतराने भागलं की एफ-नंबर मिळतो) सारखाच आहे: आयएसओ १०० आणि २०० एमएम झूमला ६० मीटर. जास्त पैसे मोजून मिळतो तो वेग आणि लिथियम बॅटरी. त्या दोन गोष्टींची गरज तुमच्या कामात किती वेळा पडते, यावरच निर्णय घ्यावा.

पैसे काढण्याआधी मागच्या एखाद्या लग्नाचे वाया गेलेले फोटो उघडा. सलग काढलेल्या फोटोंत पहिला नीट, दुसरा-तिसरा काळा आणि पुढचा पुन्हा नीट असेल, तर फ्लॅश चार्ज व्हायला उशीर करतोय. हा नव्या फ्लॅशने सुटणारा आजार आहे. पहिलाच फोटो काळा असेल तर छत उंच आहे किंवा आयएसओ कमी ठेवलाय. माणसं उजळ आणि मागचा मंडप काळाकुट्ट असेल, तर फ्लॅश बिचारा ठीक आहे. शटर १/२०० वरून १/१०० वर आणा आणि आयएसओ वाढवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने हॉलमधल्या साध्या एलईडीच्या पट्ट्यांचा त्रासही १/१०० ला सहसा कमी होतो. फोटोच्या एका कडेला काळा पट्टा येत असेल तर शटर सिंक स्पीडच्या, म्हणजे फ्लॅशसोबत चालणाऱ्या सर्वांत जलद शटरच्या, वर गेलंय. आणि चेहरे निळसर, मागचं सगळं पिवळं दिसत असेल, तर फ्लॅशवर लावायची नारिंगी जेल (रंगीत पारदर्शक पट्टी) घ्या. ती फ्लॅशच्या किमतीच्या मानाने नगण्य पैशांत मिळते.

आता थोडा हिशेब, कारण खरा निर्णय इथेच होतो. बाउन्स करताना, म्हणजे लाइट छतावर मारून परतवताना, फ्लॅशचं डोकं साधारण ५० एमएम झूमला असतं आणि तिथे या फ्लॅशचा गाइड नंबर ४०च्या आसपास येतो. आयएसओ १६०० ला तो चौपट, म्हणजे १६०. दहा फूट उंचीच्या पांढऱ्या छताला लाइट मारला तर छतापर्यंत आणि तिथून चेहऱ्यापर्यंतचं अंतर साधारण ४ मीटर होतं. १६० भागिले ४ म्हणजे एफ/४०. छत आणि पसरणारा लाइट मिळून तीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे लाइट निम्मा) खातात असं धरलं तर एफ/१४ उरतं. तुम्ही एफ/४ वर काम करताय, म्हणजे फ्लॅश १/८ ते १/१६ ताकदीवरच चालतोय. एवढ्या ताकदीला जुना टीटी६०० सुद्धा सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात तयार होतो. घरगुती साखरपुडा, बारसं, डोहाळजेवण, छोट्या हॉलमधली मुंज एवढंच काम असेल तर नवा फ्लॅश घेऊन फरक जाणवणारच नाही.

मोठ्या मंगल कार्यालयात गणित उलटतं. छत वीस फुटांवर गेलं की लाइटचा प्रवास ९ मीटरच्या आसपास जातो. त्याच हिशेबाने एफ/६.३ उरतं आणि एफ/४ साठी फ्लॅशला निम्म्या ताकदीजवळ जावं लागतं. टीटी६८५ टूला फुल पॉवरनंतर तयार व्हायला २.६ सेकंद लागतात, व्ही८६० थ्रीला १.५. निम्म्या ताकदीला हे अंदाजे १.३ आणि ०.७५ सेकंद होतात. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो. पण शेवटचं मंगलाष्टक संपून ‘सावधान’ झालं, अंतरपाट खाली आला, अक्षता हवेत आहेत आणि नवरी हार उचलतेय, हे सगळं चार-पाच सेकंदांत आटोपतं. तेवढ्यात एका फ्लॅशने तीन-चार नीट फोटो मिळतात, दुसऱ्याने सहा-सात. अक्षता हवेत असतानाचा आणि हार गळ्यात पडतानाचा, असे दोन्ही क्षण हवे असतील तर हे जास्तीचे फोटो फार मोलाचे आहेत.

दुसरी गोष्ट अशी की २.६ सेकंदांचा आकडा ताज्या सेलचा आहे. चार पेन्सिल सेल उतरत आले की तोच वेळ हळूहळू वाढत जातो आणि नेमका तो मुहूर्ताच्या वेळी वाढलेला असतो. लिथियम बॅटरी शेवटपर्यंत जवळपास एकाच वेगाने चालते. व्ही८६० थ्रीचा हा सगळ्यात मोठा गुण आहे, १.५ सेकंदांच्या आकड्यापेक्षाही मोठा.

एका चार्जमधल्या फ्लॅशच्या संख्येचा मुद्दा मात्र उगाच वाढवून सांगितला जातो. कंपनीच्या आकड्यांनुसार व्ही८६० थ्री एका चार्जमध्ये ४८० फुल पॉवर फ्लॅश देतो, तर टीटी६८५ टू २५०० एमएएचच्या सेलवर २३०. रिसेप्शनच्या रांगेत स्टेजवरचे फोटो आयएसओ ८००, एफ/५.६ ला साधारण पाव ताकदीत निघत असतील, तर ढोबळमानाने टीटी६८५ टूवरही आठ-नऊशे फ्लॅश मिळतात. एका रिसेप्शनला ते पुरतात. अडचण होते ती सेल बदलताना: स्टेजसमोर, अंधारात, चार सुटे सेल आणि त्यांची उलटसुलट दिशा. व्ही८६० थ्रीची व्हीबी२६ बॅटरी एका हाताने निघते आणि बसते.

म्हणून पहिला सल्ला कमी खर्चाचा. किराणा दुकानातले अल्कलाइन सेल वापरत असाल तर ते आधी बंद करा. जास्त करंट मागितला की त्यांचा व्होल्टेज पडतो, सेल तापतात आणि फ्लॅश रेंगाळतो. एनेलूपसारखे निकेल मेटल हायड्राइड सेल आठ घ्या, चार-चारच्या दोन जोड्या करा, त्यांवर मार्करने क्रमांक टाका आणि जोड्या मिसळू देऊ नका. एक सेल मरतुकडा निघाला की बाकीचे तीनही त्याच्या वेगाने चालतात. सोबत आयएसओ ८०० वरून १६०० वर न्या, फ्लॅशचं काम निम्मं होईल. आताचे फुल फ्रेम कॅमेरे १६०० ला सहज चालतात. एवढं करून पुढच्या दोन लग्नांचे फोटो तपासा. काळे फोटो थांबले असतील तर खर्च वाचला.

टीटी६०० वाल्यांसाठी बदलण्याचं आणखी एक ठोस कारण आहे. त्यात टीटीएल (फ्लॅशची ताकद कॅमेऱ्याने आपोआप ठरवणं) नाही, आणि कॅमेऱ्यावर लावलेला असताना हाय स्पीड सिंकही (सिंक स्पीडच्या वरच्या शटरला फ्लॅश चालणं) नाही. स्टेजवर अंतर ठरलेलं असतं, तिथे मॅन्युअलच चांगलं. टीटीएल चालू ठेवलं तर पांढरी शेरवानी किंवा टिकल्यांची साडी बघून फ्लॅश हात आखडता घेतो आणि चेहरे काळवंडतात. वरातीत मात्र माणूस दोन फुटांवरून दहा फुटांवर जातो. तिथे टीटीएल लागतंच, आणि वर २/३ स्टॉप वाढवून ठेवलेलं बरं. कॅननचे १५००डी, ३०००डी आणि २००डी टू वापरणाऱ्यांनी हॉट शू (कॅमेऱ्यावर फ्लॅश बसवायची खाच) नीट बघून घ्यावा. त्यात मधली पिन नाही, त्यामुळे टीटी६००सारखा एका पिनवर चालणारा फ्लॅश त्यावर उडतच नाही. फ्लॅश खराब आहे असं समजून अनेक जण तो दुकानात परत नेतात.

लॉन्सवरच्या लग्नाचा प्रश्न वेगळा आहे. डोक्यावर आकाश असलं की बाउन्स नाही, आणि प्लास्टिकची डिफ्यूजर टोपी तिथे फक्त एक-दोन स्टॉप लाइट खाते. मंडपाचं कापड लाल-पिवळं असेल तर बाउन्स केलेला लाइटही तोच रंग घेऊन चेहऱ्यावर उतरतो. इथे एका चांगल्या फ्लॅशपेक्षा दोन साधे फ्लॅश जास्त कामाचे. व्ही८६० थ्री कॅमेऱ्यावर ठेवून जुना टीटी६०० स्टेजच्या बाजूला स्टँडवर, माणसाच्या उंचीच्या वर लावा. दोन्ही गोडॉक्सच्या २.४ गिगाहर्ट्झ रेडिओवर बोलतात, वेगळा ट्रिगर लागत नाही. म्हणूनच टीटी६०० विकू नका. विकून येणाऱ्या पैशांपेक्षा त्याचं स्टँडवरचं काम मोठं आहे. काम मुख्यतः लॉन्सचंच असेल आणि खरोखर जास्त ताकद हवी असेल, तर स्पीडलाइटचा (कॅमेऱ्यावर बसणाऱ्या अशा छोट्या फ्लॅशचा) नाद सोडून २०० वॉट सेकंदाचा एडी२०० प्रो बघा. व्ही८६० थ्री ७६ वॉट सेकंदाचा आहे.

व्ही८६० थ्रीच्या उणिवाही आहेत. त्यातला २ वॉटचा मॉडेलिंग लाइट (सतत जळणारा छोटा दिवा) उजेडाच्या हॉलमध्ये निरुपयोगी आहे. बॅटरी त्याच मालिकेची लागते, म्हणजे ऐन वेळी शेजारच्या दुकानातून सेल आणून भागत नाही. जादा बॅटरीचे पैसे पहिल्याच दिवशी धरून चला. जुन्या व्ही८६० टूची व्हीबी१८ यात बसत नाही, गोडॉक्सच्याच व्ही१ फ्लॅशची व्हीबी२६ मात्र बसते. वेगाने चार्ज होणारा फ्लॅश तापतोही वेगाने. व्ही८६० टूच्या पुस्तिकेत फुल पॉवरचे सलग ३० फ्लॅश झाल्यावर किमान १० मिनिटं थांबायला सांगितलंय. थ्रीलाही तोच नियम लावा. तोंडावर जाड जेल आणि टोपी दोन्ही असतील तर त्याआधीच थांबा, नाहीतर पुढची काच पिवळी पडते.

मुंबईच्या बोरा बाजारात किंवा आपल्या गावच्या दुकानात घेताना जीएसटी बिल आणि भारतातली वॉरंटी बघून घ्याच. खोक्यावरचं शेवटचं अक्षरही तपासा: कॅननसाठी सी, निकॉनसाठी एन, सोनीसाठी एस, फुजीसाठी एफ. चुकीचं अक्षर असेल तर कॅमेऱ्यावर टीटीएल चालत नाही. मग मोबाइलचं स्टॉपवॉच लावून काउंटरवरच फुल पॉवरचे दहा फ्लॅश मारा. व्ही८६० थ्रीचा रेडीचा दिवा प्रत्येक वेळी दीड-दोन सेकंदांत लागला पाहिजे. शटर १/१००० ठेवून हाय स्पीड सिंकचा एक फोटो काढा, पट्टा दिसता कामा नये. सेकंडहँड असेल तर पुढची काच तपकिरी झालीय का, डोकं वळवल्यावर स्वतःच्या वजनाने खाली येतं का, पाय हलतो का, आणि बॅटरी खाचेतून निघताना अडकते का, हे बघा. अडकत असेल तर ती फुगलेली आहे. अशी बॅटरी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.