एका हाताने शॉक दाबला गेला, तेव्हाच कळायला हवं होतं

गाडीची उंची वाढवायला मी नवे शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि स्प्रिंगा घेतल्या. शॉक मोनोट्यूब म्हणून विकले: एकच नळी, आत जास्त दाबाचा वायू. असा शॉक एका हाताने आत जात नाही. हे मला माहीत होतं, इतरांना मीच सांगत आलोय. तरीही विक्रेत्याने खोक्यातून काढलेला शॉक मी काउंटरवर उभा धरला, तळहाताने दाबला, रॉड सरळ आत गेला, सावकाश वर आला. आणि मी म्हणालो, "स्मूद आहे." तो हसला. आता कळतंय का हसला ते.

हिशोब साधा आहे. 18 मिमी जाडीच्या रॉडचं क्षेत्रफळ 254 चौरस मिमी. मोनोट्यूबमध्ये नायट्रोजन 20 बारला भरलेला धरला, तर रॉडला बाहेर ढकलणारा जोर होतो साधारण 50 किलो. कमी दाबाच्या ट्विन-ट्यूबमध्ये (नळीत नळी असलेल्या शॉकमध्ये) 5 बार धरा, 13 किलो. घरच्या वजनकाट्यावर शॉक उभा ठेवायचा, वरून दाबायचं, रॉड हलायला लागला की आकडा वाचायचा, त्यातून शॉकचं स्वतःचं वजन वजा करायचं. माझ्या चारही शॉकना 12 किलो आले. दोन मिनिटांचं काम, आणि ते मी केलं पैसे दिल्यावर पाच आठवड्यांनी. "रॉड आपोआप वर येतो, म्हणजे मोनोट्यूब" असं कोणी पटवलं तर ऐकू नका. कमी दाबाची ट्विन-ट्यूबही वर येतेच, फरक जोरात असतो.

विकायची बाकी पद्धत नेहमीचीच. सीलबंद खोकं, होलोग्राम, "हा शेवटचा सेट", आणि वॉरंटी फक्त आमच्याकडे बसवलं तरच. पैसे असे घेतले: 70 टक्के आगाऊ, 20 टक्के खोकी दाखवल्यावर, 10 टक्के बसवल्यावर. म्हणजे माल गाडीला लागण्याआधी 90 टक्के त्याच्या खिशात. उरलेल्या 10 टक्क्यांसाठी कोणी घाम गाळत नाही. निदान 40 टक्के तरी गाडी रिकामी आणि भरलेली, दोन्ही वेळची उंची मापून होईपर्यंत हातात ठेवा.

आणि मी काही आंधळेपणाने घेतलं नाही, हेही सांगतो. स्प्रिंगच्या तारेला व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) लावला होता. 15.0 मिमी दाखवलं, सांगितलं होतं तेवढंच. पण मी मोजली ती तार नव्हे, तारेवरचा लेप. रबरासारखा जाड, सगळीकडून अर्धा-अर्धा मिमी. नखाने दाबला तर खळगा पडतो. चांगल्या पावडर कोटिंगची जाडी 0.1 मिमीच्या आसपास असते, नखाला दाद देत नाही. पुढे ब्लेडने खरवडलं, तेव्हा आत तार निघाली 14.0. लेपाखाली जुना काळा रंग, आणि त्यावर कारखान्यात मारतात त्या ओळखीच्या रेघा: एक पिवळी, दोन हिरव्या. म्हणजे कुठल्या तरी गाडीच्या मूळ स्प्रिंगा ओढून लांब केलेल्या. शेवटचा वेढा शेजारच्या वेढ्याला जिथे टेकतो, तिथे घासून गुळगुळीत झालेली खोबण होती. नव्या स्प्रिंगला ती असूच शकत नाही. लेपाखालूनही ती बोटाला लागत होती. मला वाटलं, ओतीव लेपाचा ओघळ असेल.

1 मिमीने काय होतं म्हणणाऱ्यांसाठी: स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या व्यासाच्या चौथ्या घाताने बदलतो. वेढ्यांचा सरासरी व्यास 125 मिमी आणि कामाचे वेढे (टोकांचे टेकलेले सोडून, प्रत्यक्ष दबणारे) 8 असतील, तर 15 मिमी तारेला मिलिमीटरमागे 32 न्यूटन लागतात, 14 मिमीला जेमतेम 24. चोवीस टक्के गेले. मागे कायमचं 300 किलो सामान, म्हणजे एका स्प्रिंगवर 150 किलो. चांगली स्प्रिंग त्याने 46 मिमी बसते, ही 60 बसली. सूत्र पाठ करायची गरज नाही, चार मापं घ्या: लेप सोडून तारेचा व्यास, वेढ्याचा बाहेरचा व्यास, कामाचे वेढे, मोकळी लांबी. बिलावर ही चारही लिहून घ्या. लिहून देत नाही म्हणाला, की उठा.

उंची मात्र वाढली होती, 52 मिमी. हबच्या (चाकाच्या) मध्यापासून फेंडरच्या (चाकावरच्या पत्र्याच्या) कडेपर्यंत मी स्वतः मोजली. तीन आठवड्यांनी 31 राहिली. "नवीन आहेत साहेब, बसायला वेळ लागतो." स्प्रिंग थोडी बसते हे खरंच आहे, म्हणून तर ही थाप पचते. पण चांगली स्प्रिंग कारखान्यातच एकदा पूर्ण दाबून सोडलेली असते. ती नंतर काही मिमी बसेल, 21 नाही. शिवाय स्प्रिंग सोडवली तेव्हा वरच्या बैठकीत 20 मिमीचा प्लास्टिकचा स्पेसर निघाला. म्हणजे उरलेल्या 31 मधले 20 प्लास्टिकचे. स्पेसर उंची देतो, कडकपणा देत नाही. उलट बंप स्टॉपला (चाकाची वर जाणारी हालचाल अडवणाऱ्या रबरी ठोकळ्याला) टेकेपर्यंत स्प्रिंग 20 मिमी जास्त दाबली जाते, आणि एखाद्या खड्ड्यात वेढ्यावर वेढा बसतो.

शॉकची लांबी हा तर वेगळाच वैताग. 610 मिमी पूर्ण उघडलेली लांबी सांगितली, निघाली 562, मूळ शॉकइतकीच. गाडी 50 ने उचलली आणि शॉक तेवढाच ठेवला, तर चाक खाली लोंबायला 50 मिमी कमी मिळतात. मूळ 90 असतील तर उरले 40. चाक खळग्यात सुटलं की "ठण्ण". तो आवाज शॉकच्या आत पिस्टन वरच्या टोकाला आदळल्याचा. मग रॉडचं सील जातं, नाहीतर बैठकीचं वेल्डिंग. उभ्या गाडीत यातलं काही दिसत नाही, म्हणून बसवताना तिथे हजर राहूनही मला दिसलं नाही. तपासायचं असं: स्प्रिंग काढून एक्सल जॅकने बंप स्टॉपपर्यंत वर न्या, शॉकच्या दोन बैठकींमधलं अंतर मोजा, मग एक्सल पूर्ण सोडा, पुन्हा मोजा, आणि ब्रेक होज (ब्रेकची रबरी नळी) ताणली जात नाही ना तेही बघा. शॉकची मिटलेली लांबी पहिल्या मापापेक्षा निदान 10-15 मिमी कमी हवी, उघडलेली दुसऱ्यापेक्षा थोडी जास्त. पुढे स्वतंत्र सस्पेन्शन (प्रत्येक चाक वेगळं हलणारं) असेल, तर 50 च्या वर जाऊच नका, सीव्ही जॉइंटचे (चाकाला फिरवणाऱ्या सांध्यांचे) कोन बिघडतात.

"55 मिमीचा शॉक" हीसुद्धा चलाखी. 55 बाहेरच्या नळीचे. आतला पिस्टन 30 चा. नेहमी पिस्टनचा व्यास विचारा. पन्हाळी पत्र्यासारख्या रस्त्यावर चाळीस मिनिटांत चारही शॉक इतके तापले की तेल पातळ होऊन गाडी होडीसारखी डुलत होती. वरचं, शॉकचा कडकपणा बदलायचं 8 टप्प्यांचं बटण टिकटिक करतं, 1 वर ठेवा की 8 वर, रॉड वर यायला वेळ तेवढाच.

आता तक्रारीचं. पोलीस म्हणाले, माल मिळाला ना, गाडी चालते ना, मग हे दिवाणी प्रकरण. बँक म्हणाली, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, ही फसवणूक नाही, खरेदी आहे. खोक्यावर जिचं नाव होतं त्या कंपनीने कळवलं की अनुक्रमांक त्यांच्या यादीत नाही, म्हणून माल त्यांचा नाही, म्हणून तक्रारही त्यांची नाही. ग्राहक तक्रारीला बिल लागतं; बिलावर "सस्पेन्शन सामान, 1 संच" एवढंच. पार्ट नंबर नाही. मग सांगितलं, तज्ज्ञाचा अहवाल आणा. शॉक कापल्याशिवाय आत काय आहे ते सिद्ध होत नाही, आणि एक कापला तर समोरचा म्हणतो, तुम्हीच छेडछाड केली, वॉरंटी संपली. (दाब असलेला शॉक घरी ग्राइंडरने कापायला जाऊ नका, जिवावर बेतेल.) वाहन तपासणीवाल्याने तर कमाल केली. माझीच गाडी मापली आणि विचारलं, उंची वाढवायची परवानगी घेतली होती का? अकरा खेपा, चार टेबलं, आणि शेवटी गुन्हेगार मी. विक्रेत्याने 15 टक्के परत द्यायची तयारी दाखवली, "समाधानकारक व्यवहार" अशा कागदावर सही केली तर. केली नाही.

जुने शॉक आणि स्प्रिंगा त्याने "एक्सचेंज"च्या नावाखाली ठेवून घेतल्या, किमतीत 5 टक्के कमी करून. जुनं सामान कधीही देऊ नका. फसलात तर निदान परत बसवता येतं. शिवाय त्या स्प्रिंगांचं पुढे काय होतं, ते आता वेगळं सांगायला नको. माझ्या मागच्या जोडीवर दोन पांढऱ्या आणि एक निळी रेघ होती, डाव्या स्प्रिंगच्या खालच्या वेढ्यावर दगडाचा लांबट ओरखडा. नव्या कोऱ्या खोक्यातल्या स्प्रिंगचा लेप पैसे द्यायच्या आधी ब्लेडने थोडा खरवडा. त्या रेघा निघाल्या, तर ती माझी आहे.